चरोटा उपटण्यापूर्वी

मृगाचा पाऊस पडून पंधरवडा उलटला की भिलाई-दुर्ग परिसरातील रिकामे भूखंड, शेताचे बांध आणि रेल्वेमार्गाच्या कडा यांवर दोन वनस्पतींची एकाच जागेसाठी झुंज सुरू होते. एक गाजरगवत. दुसरी चरोटा, म्हणजेच कोकणातील टाकळा आणि विदर्भातील तरोटा. स्वच्छता मोहिमेत मात्र दोहोंवर एकच विळा चालतो. ही चूक महागात पडते, कारण मोकळ्या झालेल्या जमिनीवर गाजरगवत पुन्हा चटकन पसरते.

गाजरगवताची पुण्यात पहिली दखल घेतली गेली ती 1955च्या सुमारास. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करारही त्याच वर्षीचा. योगायोगापलीकडे त्यात काही नाही. परंतु बांधकामासाठी उकरलेली, पुढे पडून राहिलेली जमीन हेच या तणाचे आवडते घर, हे औद्योगिक नगरांनी विसरू नये. त्वचारोग आणि दमा यांच्या रूपाने त्याची किंमत माणसेच मोजतात.

चरोट्याची दाट वाढ गाजरगवताच्या रोपांना ऊन आणि जागा मिळू देत नाही. म्हणूनच जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने पडीत जागी चरोट्याचे बी पावसाळ्यापूर्वी फेकून पेरण्याची शिफारस केली आहे. बियांचे कवच कठीण असते. वाळूबरोबर हलके घासून पेरल्यास उगवण एकसारखी होते. एवढ्याने गाजरगवत कायमचे हटेल असे मात्र कोणी सांगू नये. चरोटा खरिपाचा सोबती आहे. कार्तिकात तो वाळतो आणि ओलावा मिळाल्यास गाजरगवताची हिवाळी पिढी वर येते. ती फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावीच लागते.

आषाढात या रोपाची कोवळी पाने छत्तीसगढच्या चुलीवर शिजतात, तशीच ती कोकणातही शिजतात. भाजी फुलोऱ्यापूर्वीच खुडावी; महामार्ग आणि कारखान्यालगतच्या धुळीतील पाने तर मुळीच घेऊ नयेत. संस्कृतात या वनस्पतीचे नाव चक्रमर्द. गजकर्णावरील तिचा पारंपरिक उपयोग त्या नावातच आहे. मोठा बाजार आहे तो बियांना. त्यांपासून डिंकासारखा घट्टपणा देणारी भुकटी मिळते आणि पूर्व आशियात भाजलेल्या बियांचा काढा चहासारखा पितात. किमान आधारभूत किमतीच्या गौण वनोपजांतही चरोट्याच्या बियांचा समावेश आहे.

येथे विस्तार कार्यकर्त्यांनी एका धोक्याकडे विशेष लक्ष द्यावे. चरोट्याच्या शेजारीच कासविंदा वाढतो. त्याच्या बिया खाल्ल्याने उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलांचे प्राण गेले आहेत. चरोट्याच्या पानाला बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, त्या टोकाशी गोलसर असतात आणि शेंगा बारीक, लांब, वाकलेल्या असतात. कासविंद्याच्या पर्णिका अधिक, टोकदार, शेंगा चपट्या. खाद्यपदार्थांत वापरावयाच्या चरोटा-डिंकासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषात कासविंद्याचे प्रमाण 0.05 टक्क्याहून कमी असावे लागते. दहा हजार भागांत पाच भागही चालत नाहीत, हे बियाणे वेचणाऱ्यांना कोणी समजावून सांगते काय? खळ्यावर बी एकदा मिसळले की ते वेगळे करणे जवळजवळ अशक्य. शेतातच, फुलोऱ्याच्या वेळी, कासविंदा उपटून टाकणे हाच उपाय.

मग चरोट्याची शेतीच का करू नये, असा प्रश्न प्रगतिशील शेतकरी विचारतात. धान किंवा सोयाबीनच्या शेतात ती करू नये, हेच उचित उत्तर. कठीण कवचाचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते आणि पुढील हंगामात तण होऊन उभे राहते. शिंबावर्गीय कुळातील असूनही त्याच्या मुळांवर नत्र स्थिरीकरणाच्या गाठी येत नाहीत. जमीन सुपीक होण्याची आशा त्यामुळे फोल ठरते. बांध आणि पडीत हीच त्याची योग्य जागा.

मात्र पडिताला मोल आले की त्यावर मालकी सांगणारेही पुढे येतात. आजवर कार्तिकात शेंगा वाळल्या की गावातील भूमिहीन स्त्रिया सकाळच्या दवात, शेंगा फुटण्यापूर्वी, रोपे कापून बी झोडून घेत आल्या आहेत. जेथे पंचायत किंवा नगरसंस्था मुद्दाम पेरणी करील, तेथे बी वेचण्याचा अधिकार कोणाचा, हे वैशाखात बियाणे फेकण्यापूर्वीच ग्रामसभेत वा प्रभागसभेत ठरवून कागदावर घ्यावे.