किनाऱ्यावरील विद्या आणि आमचीं महाविद्यालयें

सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ‘समाजसहभाग’ आणि ‘क्षेत्रकार्य’ हे दोन शब्द आमच्या महाविद्यालयांत आणून सोडले आहेत. शब्द चांगले आहेत. परंतु चांगल्या शब्दांची माती कशी करावी, हें आमच्या शिक्षणसंस्थांस शिकवावें लागत नाहीं. एखाद्या रविवारीं शेंदीडशें विद्यार्थी समुद्रकिनाऱ्यावर न्यावे, दोन तास प्लास्टिक वेंचून घ्यावें, फलक धरून छायाचित्र काढावें आणि सोमवारीं प्रमाणपत्रें वाटावीं, यास क्षेत्रकार्य म्हणतात! कचरा पुढच्या भरतीबरोबर परत येतो. विद्यार्थी परत येत नाहींत.

खरें काम कसें असतें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्यांत वेळास हें गांव पाहावें. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालीं तेथें समुद्री कासवांच्या रक्षणास आरंभ केला. २००६ पासून कासव महोत्सव भरूं लागला. जीं अंडीं पूर्वीं माणसें व कोल्हेकुत्रे उकरून नेत, त्यांची राखण गांवकरीच करूं लागले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी एका घरट्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते. तीं कांहीं तासांतच, उलटीसुलटी न होऊं देतां, जाळीच्या कुंपणांतील तितक्याच खोल खड्ड्यांत हलवावयाचीं. तारीख व संख्या टिपावयाची. मग पन्नासएक दिवस वाट पाहावयाची. पिलूं नर निपजणार कीं मादी, हें वाळूच्या उष्णतेवर ठरतें. म्हणून उष्णतेची नोंद चुकली कीं त्यावरचें सारें अनुमान चुकलें.

आमचे कांहीं विद्वान् स्नेही म्हणतात, ही कारागिरी झाली, विद्या नव्हे. त्यांस आमचा प्रश्न असा आहे: मोजणें, टिपणें, धीर धरणें, आणि ज्या घरट्यांतून एकही पिलूं निघालें नाहीं त्याचीही तितक्याच सचोटीनें नोंद करणें, याहून निराळी अशी कोणती विद्या आपल्या प्रयोगशाळेंत शिकविली जाते? तेथें उत्तर आधींच माहीत असतें व विद्यार्थी आपले आंकडे त्या उत्तराकडे वळवून घेतो, हें आपण सर्वच जाणतों. वाळूवर ती सोय नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, गांवकरी पदवीधर नाहीं. त्यानें गुण कसे द्यावे? पहाटे किनारा तुडवून वाळूंतल्या खुणांवरून घरटें ओळखणारा मनुष्य जर परीक्षक होण्यास अपात्र, तर त्याच्या पदरीं विद्यार्थी घालण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? श्रम त्याचे, ज्ञान त्याचें आणि श्रेय मात्र महाविद्यालयाचें, हा व्यवहार आम्हांस सभ्य वाटत नाहीं.

आमचें मागणें थोडें आहे. एका दिवसाऐवजीं एक हंगाम द्या. शंभरांऐवजीं पांच विद्यार्थी पाठवा. कासव कायद्यानें संरक्षित आहे. तेव्हां वनखात्याच्या परवानगीनें व गांवच्या राखणदाराच्या हुकुमांत त्यांस राहूं द्या. त्या राखणदारास मानधन द्या, गुणदानांत मत द्या. आणि अहवालाची पहिली प्रत, मराठींत, गांवास पोंचवा. इतकें जमत नसेल तर महाविद्यालयांनीं किनाऱ्यावर जाऊंच नये. तेथील माणसांस कामें पुष्कळ आहेत. त्यांत आमच्या प्रमाणपत्रांचा भार घालण्याचें कारण नाहीं.