चार मेची वर्गणी

वैशाखाचे ऊन तापीकाठी रणरणत असते, आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके निंबाच्या फांद्यांना कुठे कुठे अजून लटकत असतात, सालदाराचे नवे साल नुकतेच सुरू झालेले असते आणि त्याच सुमारास, ४ मे रोजी, जगभरातले चाहते ‘स्टार वॉर्स’चा दिवस साजरा करतात. जॉर्ज लुकास यांचा हा विज्ञानपट २५ मे १९७७ रोजी पडद्यावर आला. ‘शक्ती तुझ्या सोबत असो’ या त्यातल्या आशीर्वादाचा इंग्रजी उच्चार चार मेच्या इंग्रजी उच्चाराशी जुळला, चाहत्यांनी तो धागा उचलला आणि दिवस ठरून गेला. ना पंचांगात तिथी, ना सरकारी परिपत्रक.

आपल्याला यात परके वाटण्यासारखे काय आहे? आखाजी तरी कोणाच्या फर्मानाने सुरू झाली? लेकी माहेरी आल्या, गौराई बसली, गाणी झाली आणि सण पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

सिनेमावरच्या मायेचा विषय निघाला, की धुळ्याहून आग्रा रोडने तासाभरावर असलेले मालेगाव आठवतेच. जिल्हा नाशिक असला, तरी धुळेकरांना ते आपलेच वाटते. तिथले यंत्रमाग शुक्रवारी थांबतात आणि कामगार सिनेमाला गर्दी करतात. याच गर्दीसाठी नासिर शेख आणि त्यांच्या सवंगड्यांनी आधी मालेगावचा ‘शोले’ काढला आणि मग थेट सुपरमॅनलाच गावात उतरवले. यंत्रमागावर राबणारा, अंगाने अगदी किरकोळ असा शफीक शेख सुपरमॅन झाला. हिरव्या कापडापुढे त्याला आडवा धरून आकाशात उडवले, आणि त्याची लढाई होती तंबाखूशी. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटाने ही सारी धडपड जगापुढे नेली. पुढे शफीक तोंडाच्या कर्करोगानेच गेला, हे आठवले की आजही मन कळवळते. पैसा नव्हता, यंत्रे नव्हती. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने दिले. चाहत्यांचा सण उभा राहतो तो अशा वर्गणीवर.

ही रीत खान्देशात फार जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. त्या मठाला मिळालेल्या दानांत तेलाच्या घाण्यांकडून येणाऱ्या पळी-पळी तेलाचीही नोंद आहे. ग्रहताऱ्यांचे शास्त्र जपण्यात या मातीतल्या तेल्यांचाही वाटा होता, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा आणि त्याची जबाबदारीही.

शाळांना सुट्टी आहे, रात्री गच्चीवर अंथरुणे पडतातच. मुलांना आज ‘स्टार वॉर्स’ जरूर दाखवा. पण त्याआधी त्यांना गच्चीवर न्या, उत्तरेला वर चढलेले सप्तर्षी बोटाने दाखवा आणि पाटणच्या मठाची गोष्ट सांगा.