दिवा हवा, दिवा करणारा नको

बंगळुरूत नवा फ्लॅट घेतला की इंटिरिअरवाले एक पॅकेज पुढे ठेवतात. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट आणि पूजा युनिट. पूजा युनिट हवंय का, असं सहसा कोणी विचारत नाही. ते धरलेलंच असतं. सागवानी हवं की संगमरवरी, मागे जाळी हवी की आरसा, एवढंच तुम्ही सांगायचं. घर घेणारा कोण असणार, हे त्या कागदावर आधीच ठरलेलं असतं. ‘निदान घराच्या सजावटीत तरी जात आणू नका’ असा सल्ला आम्हाला नेहमी मिळतो. आम्ही कशाला आणू? ती पॅकेजमध्येच येते.

पियेर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली एका जाडजूड ग्रंथात मांडलं की अभिरुची ही वैयक्तिक आवड नसते, ती माणसाचा वर्ग सांगते. आपल्याकडे ती त्याआधी जात सांगते. आणि नुसती सांगत नाही, ती लपवतेही. कोणाचं काय लपवते, ते पाहायचं तर या शहरातल्या एखाद्या ‘टेस्टफुल’ हॉलमध्ये जाऊन बसावं.

कमी सामान, वेताची खुर्ची, पितळेची उरळी, हातमागाचे पडदे. कोपऱ्यात बहुतेक वेळा एक उंच दिवा असतो. लाल, केशरी, हिरव्या रंगांची लॅम्पशेड, त्यावर मोर, वेली, बारीक बारीक छिद्रांची नक्षी. दिवा लावला की भिंतीवर रंगीत उजेड पडतो. ही लॅम्पशेड कापडाची नसते, कागदाचीही नसते. ती बकऱ्याच्या कातड्याची असते. आंध्रातल्या धर्मवरमजवळचं निम्मलकुंटा हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे आणि बंगळुरूहून ते काही तासांच्याच रस्त्यावर आहे. कातडं भिजवायचं, केस आणि चरबी खरवडून काढायची, उजेड आरपार येईल इतकं पातळ करायचं, ताणून वाळवायचं, मग छिन्नीने एकेक भोक पाडत नक्षी काढायची आणि रंगवायची. हे मूळचं बाहुल्यांचं काम. तोलुबोम्मलाटा, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. रात्र रात्र चालणाऱ्या खेळांना प्रेक्षक उरले नाहीत, तेव्हा त्याच हातांनी लॅम्पशेड करायला घेतल्या. निम्मलकुंट्याचे दलवाई चलपती राव यांना २०२० साली पद्मश्री मिळाली.

मराठी वाचकाने हा दिवा जवळून पाहावा याला आणखी एक कारण आहे. आंध्र-कर्नाटकातले चामडी बाहुल्यांचे बरेच कलावंत घरात आजही मराठीची एक बोली बोलतात. पिढ्यांपूर्वी ते आपल्याच मुलखातून खाली गेले असं मानलं जातं. कर्नाटकात या खेळाला तोगलु गोंबेयाटा म्हणतात आणि तो करणाऱ्यांना शिळ्ळेक्यात. कर्नाटकच्या अनुसूचित जातींच्या यादीत हे नाव आहे. २०२५ साली पद्मश्री मिळालेल्या कोप्पळ जिल्ह्यातल्या नव्वदी ओलांडलेल्या भीमव्वा यांचं आडनावच शिळ्ळेक्यातर आहे. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत हीच कला आदिवासी ठाकरांनी जपली.

म्हणजे त्या कोपऱ्यातल्या दिव्यामागे एक जमात आहे, तिची फिरस्ती आहे, तिची भाषा आहे. पण घरमालकाला विचारा, हा कुठला? उत्तर येतं, ‘एथ्निक’ आहे. फार तर ‘साउथ इंडियन क्राफ्ट’ आहे.

आता याच शहरात भाड्याने घर शोधून पाहा. ‘फक्त शाकाहारी’ ही अट किती ठिकाणी ऐकू येते, हे इथे राहणाऱ्या कोणत्याही दलित, मुसलमान, ख्रिश्चन माणसाला विचारा. ‘तुमचं पूर्ण नाव काय, गाव कोणतं, खाणं काय?’ हे तीन प्रश्न मी इतक्या दारांत ऐकलेत की चौथा काय असेल याची वाट पाहत नाही. ज्या घरात भाडेकरूच्या कुकरमधलं मटण चालत नाही, त्याच घराच्या हॉलमध्ये बकऱ्याचं कातडं उजळलेलं असतं. कातडं चालतं. ते सोलणारा, कमावणारा, रंगवणारा मात्र गावात वेशीबाहेर आणि शहरात दाराबाहेर. वस्तूचा विटाळ धुता येतो, माणसाचा येत नाही, हा जातीचा जुना नियम नव्या फर्निचरमध्येही तसाच बसवलेला आहे.

दिवा हे एक उदाहरण झालं. सोफ्यावरच्या आरशांच्या उशा लंबाणी बायांच्या हातच्या असतात. ज्यांना आपण महाराष्ट्रात बंजारा म्हणून विमुक्त जातींत मोजतो, त्याच कर्नाटकात अनुसूचित जातीत येतात. बांबूच्या टोपल्या बुरुडाच्या असतात. पडद्यावरची वारली चित्रं तर आता कारखान्यात छापून येतात, त्यात वारल्यांचा हातही लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, सवर्ण घरांनी या वस्तू घेतल्या म्हणून कारागिराची चूल पेटली ना? पेटली, आणि पेटायलाच हवी. माझा आक्षेप खरेदीला नाही, नाव पुसण्याला आहे. चित्र घेतलं की आपण चित्रकाराची सही शोधतो. दिवा घेतला की दुकानाचं लेबल पाहतो. एकाला कलावंत आणि दुसऱ्याला ‘कारागीर समूह’ कोणी केलं? सहीचा मान त्यालाच मिळाला, ज्याच्या हाताला कातडं लागलं नव्हतं.

नीटनेटकं, देखणं राहण्याची हौस आमच्या लोकांना नव्हती असंही नाही. ती मारून काढली गेली. ‘जातिभेद निर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी याचे दाखले दिले आहेत. १९२८ साली इंदूरकडच्या गावांतल्या सवर्णांनी बलाई लोकांवर नियम लादले: जरीकाठी पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. १९३५ साली गुजरातमधल्या झानू गावात अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या म्हणून त्यांना मारहाण झाली. एक धातूची घागर! आज तीच घागर घासूनपुसून सवर्ण हॉलमध्ये शोभेला ठेवली की तिला ‘अँटिक’ म्हणतात.

म्हणून आमच्या आईवडिलांच्या घरातल्या शोकेसला कोणी ‘भडक’ म्हटलं की मला राग येतो. काचेमागे स्टीलचे पेले, मुलांची बक्षिसं, प्लास्टिकची फुलं, वर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, तिला लायटिंगची माळ. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वस्तू ठेवायची बंदी होती, त्यांनी पहिल्यांदा मिळालेल्या वस्तू काचेमागे मांडल्या, यात वावगं काय? रिकाम्या भिंतीची ऐट त्यालाच परवडते, ज्याचं कपाट आजोबांच्या काळापासून भरलेलं आहे.

आता तसबिरीबद्दल. माझ्या घराचं काम करणाऱ्या डिझायनरला मी सांगितलं की हॉलच्या मुख्य भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागेल. तिने फार सौजन्याने समजावलं: निळा कोट पॅलेटशी जुळणार नाही, फोटो स्टडीत लावू या, हॉलमध्ये हवं तर बुद्ध ठेवू, बुद्ध न्यूट्रल आहे. न्यूट्रल! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आम्हाला जो बुद्ध दिला, तो बावीस प्रतिज्ञांसह दिला. तो न्यूट्रल नाही. न्यूट्रल आहे तो दुकानातला, ज्याचं फक्त डोकं विकतात, ज्यात दिवा बसवतात, ज्याला स्पाच्या दारात आणि बाथरूमच्या खिडकीत ठेवतात. बाबासाहेबांपासून तोडलेला बुद्ध सवर्ण सजावटीला चालतो, कारण तो काही विचारत नाही.

फोटो कुठे लावायचा हा रंगसंगतीचा प्रश्न नाही, हे कर्नाटकाला चांगलं ठाऊक आहे. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी रायचूरच्या जिल्हा न्यायालयात बाबासाहेबांचा फोटो हटवायला लावल्याचा आरोप झाला आणि १९ फेब्रुवारीला बंगळुरूचे रस्ते निळ्या झेंड्यांनी भरले. लोक एका चौकटीसाठी आले नव्हते. दर्शनी जागा कोणाची, यासाठी आले होते.

भाड्याच्या घरात, घरमालकाच्या भीतीने फोटो बेडरूममध्ये लावणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी दोष देणार नाही. छप्पर जाण्याची भीती खरी असते. पण स्वतःचं घर झाल्यावरही ऑफिसचे सहकारी येणार म्हणून तसबीर आत नेणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की अभिरुची बाबासाहेबांनाही होती. उत्तम कोट, उत्तम पेनं आणि पुस्तकांसाठी बांधलेलं ‘राजगृह’. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घराला मगधाच्या राजधानीचं नाव दिलं. ७ जुलै २०२० ला त्या घरावर हल्ला झाला, तेव्हा कुंड्या फोडल्या गेल्या, काचांवर दगड आले. आमच्या देखण्या घराचा राग अजून गेलेला नाही.

नाव न पुसताही सुंदर वस्तू करता येते. मुंबईत सुधीर राजभर यांनी धारावीतल्या चामडं कमावणाऱ्या कारागिरांना सोबत घेऊन उभारलेल्या स्टुडिओचं नावच ‘चमार’ ठेवलं. गोवंश हत्याबंदीने ज्यांचं काम गेलं, त्यांच्या हातांनी टाकाऊ रबरापासून केलेल्या खुर्च्या २०२४ साली डिझाइन मायामीच्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो, तो तिथे करणाऱ्याची सही म्हणून उभा राहिला.

आपल्या घरांत आपण निदान दोन गोष्टी करू शकतो. पूजा युनिटची जागा पुस्तकांना द्यावी आणि बाबासाहेबांना दर्शनी भिंत. आणि चामड्याचा दिवा, लंबाणी उशी, चन्नपट्टणची खेळणी जरूर घ्यावी, शक्यतो करणाऱ्याच्याच हातून, आणि त्याचं नाव विचारून. पाहुण्याने दिवा छान आहे म्हटलं, की ते नाव सांगावं. त्याची जात सांगायला लागली तर तीही सांगावी, मान खाली न घालता.

जय भीम!