नादुरुस्त गाडी की नादुरुस्त कार्यपद्धती?

सरकारी कचेरीच्या आवारात एखादी तरी गाडी अशी असते की जिच्याविषयी सर्वांचे एकमत असते : "ती गाडीच वाईट आहे." ती महिन्यातून दोनदा बंद पडते, दुरुस्त होऊन येते आणि पुन्हा बंद पडते. कोणी चालकाला दोष देतो, कोणी कंपनीला, कोणी नशिबाला. महाराष्ट्राबाहेर नोकरी करताना राज्ये बदलली, भाषा बदलल्या, पण हे वाक्य सर्वत्र तेच ऐकले. माझे स्पष्ट मत असे की, थोडे अपवाद सोडले तर ते खोटे आहे. वारंवार बंद पडणारी गाडी दुर्दैवी नसते. तिचा बिघाड आपल्या कार्यपद्धतीने घडवलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. एका जिल्ह्यात आरोग्य पथकाची जीप तापून बंद पडत असे. पहिल्या वेळी पाण्याची रबरी नळी बदलली, दुसऱ्या वेळी पाण्याचा पंप, तिसऱ्या वेळी हेड गॅस्केट. तिन्ही बिले मंजूर झाली, तिन्ही कामे खरोखर झाली होती, आणि तरीही गाडी चौथ्यांदा तापली. तिच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे कूपनलिकेचे जड पाणी ओतले जात होते. क्षारांचे थर बसून आतल्या बारीक नळ्या अरुंद झाल्या होत्या. इंजिनाच्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती. मग जो भाग सर्वांत कच्चा, तो आधी जाई. प्रत्येक वेळी गेलेला भाग बदलला गेला. घालवणारे कारण जागच्या जागी राहिले.

कूलंट का घालत नाही, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?" परंतु कूलंट केवळ पाणी गोठू नये म्हणून नसते. त्यातील द्रव्ये गंज रोखतात आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतात. म्हणजे त्याची गरज विदर्भातल्या वा राजस्थानातल्या उन्हाळ्यात अधिकच आहे. कूलंटचा एक डबा वाचतो आणि त्यापायी इंजिनाचे हेड वाकते. याला काटकसर म्हणायचे काय?

आता हे असे का होते ते पाहू.

पहिले कारण म्हणजे खर्चाकडे पाहण्याची आपली दृष्टी. गाडी बंद पडली की दुरुस्तीचा प्रस्ताव तातडीचा ठरतो. गाडी चालू असताना तेल, गाळणी, पट्टा बदलण्याचा प्रस्ताव पाठवला तर शेरा येतो : "गाडी सुस्थितीत असताना खर्चाचे प्रयोजन काय?" लेखापरीक्षक झालेल्या खर्चावर आक्षेप घेतो. वेळेवर न केलेल्या खर्चामुळे झालेल्या नुकसानीवर आक्षेप निघालेला मी फार क्वचित पाहिला आहे.

दुसरे कारण न्यूनतम दर. तीन दरपत्रके मागवायची आणि सर्वांत कमी दराला काम द्यायचे. पण कारण शोधायला वेळ लागतो आणि त्याचा दर कोणत्याही दरपत्रकात नसतो. भाग बदलण्याचा मात्र असतो. साहजिकच भाग बदलले जातात, तेही पुष्कळदा हलक्या प्रतीचे.

तिसरे कारण नोंदींचे. लॉगबुकात किलोमीटर आहेत, डिझेलचे लिटर आहेत, प्रवासाचे प्रयोजन आहे, अधिकाऱ्याची सही आहे. "बिघाड का झाला" हा रकाना बहुधा नाही. चालक बदलतो, अधिकाऱ्याची बदली होते, कारखाना बदलतो, आणि गाडीचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक राहत नाही. प्रत्येक बिघाड मग पहिलाच ठरतो.

यावर कोणी म्हणेल की जुन्या गाड्या काढून टाका, प्रश्न मिटेल. केंद्राच्या 1978 च्या वित्तीय अधिकार नियमांत लहान मोटारीचे आयुष्य दीड लाख किलोमीटर किंवा साडेसहा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल ते, असे धरले होते. पुढे 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा नियम आला. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने तेवढी वगळली. नियम योग्यच आहे. पण निर्लेखनाने गाडी जाते, सवय जात नाही. नव्या गाडीतही तेच जड पाणी पडले, तर पाचव्या वर्षी तीही "वाईट गाडी" होईल.

दुसरा आक्षेप असा की, सरकारला हे जमणारच नाही. हे मला मुळीच मान्य नाही. रेल्वेचे डबे आणि इंजिने ठरलेल्या मुदतीने तपासणीला जातात. ती बंद पडण्याची वाट कोणी पाहत नाही. एसटीच्या आगारातही बसची देखभाल वेळापत्रकाने करण्याची पद्धत आहे. ज्ञान सरकारच्याच घरात आहे. ते कचेरीच्या आवारापर्यंत पोहोचलेले नाही, इतकेच.

वाचकहो, हा प्रश्न साहेबांच्या गैरसोयीचा नाही. ती जीप ज्या दिवशी रस्त्यात थांबली, त्या दिवशी एका गावातले लसीकरण झाले नाही. मजुरी बुडवून, तान्ही मुले घेऊन आलेल्या बाया दुपारपर्यंत बसून परत गेल्या. दुरुस्तीच्या बिलात हा खर्च कोठेच दिसत नाही. म्हणूनच तो कोणाला डाचत नाही.

करायचे ते अवघड नाही. प्रत्येक गाडीची एक बिघाड-नोंदवही असावी आणि ती गाडीबरोबरच राहावी. एकच तक्रार सहा महिन्यांत दुसऱ्यांदा आली, तर मूळ कारण लेखी नोंदवल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये. नियतकालिक देखभालीची रक्कम वर्षारंभीच वेगळी ठेवावी, मार्चअखेरच्या घाईसाठी नव्हे. आणि लेखापरीक्षकांनी एक प्रश्न नव्याने विचारावा : ही गाडी वर्षातून किती दिवस उभी होती, आणि का?

या चार गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही, नवे पदही लागत नाही. कार्यालयप्रमुखाच्या सहीचा एक आदेश पुरतो. तो निघत नाही, याचे खापर तरी गाडीवर फोडू नये.