बाळासाहेब खेर आणि सातपुड्याचा अहवाल

बाळासाहेब खेर शिरपूरकडे फार थोड्यांना आठवतात. ज्यांना आठवतात त्यांना मुंबई इलाख्याचे काँग्रेसचे पहिले पंतप्रधान म्हणून (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसेच म्हणत), नाहीतर लंडनमधले भारताचे उच्चायुक्त म्हणून. खानदेशाने त्यांना वेगळ्याच कामासाठी ओळखायला हवे, आणि त्याच कामाचा जाबही विचारायला हवा, असे माझे मत आहे.

१९३६ च्या एका आदेशाने इंग्रज सरकारने काही मुलूख ‘अंशतः वगळलेले’ ठरवले. गव्हर्नरने जाहीर केल्याशिवाय विधिमंडळाचा कायदा तिथे लागू होत नसे. त्या यादीत पश्चिम खानदेशातला नवापूर पेठा होता, अक्राणी महाल होता, आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर या मेवाशी संस्थानिकांची गावे होती. पूर्व खानदेशातले सातपुड्याचे राखीव जंगलही होते. त्याच वर्षाअखेर फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. फैजपूरहून सातपुडा समोर दिसतो, पण डोंगरातला माणूस त्या राजकारणात अजून कुठेच नव्हता.

जुलै १९३७ मध्ये खेर सत्तेवर आले. रत्नागिरीत जन्म, मुंबईत सॉलिसिटरचा व्यवसाय, १९३० पासून तुरुंगवास, असा हा मवाळ बोलणारा माणूस. त्यांच्या सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याला या वगळलेल्या मुलखांची पाहणी करायला लावली. सावकारी, वेठबिगार, जंगलखात्याचा जाच हे सगळे त्यांच्या अहवालात सरकारी कागदावर आले. डहाणूकडे लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणारा ‘लग्नगडी’ होता. आखाजीला सालदाराचे वर्ष सुरू होते हे माहीत असणाऱ्या आमच्या भागाला ती गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. खेर मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा आणि कुळांचा कायदा केला आणि नोव्हेंबरात राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी ठाणे जिल्ह्यात त्यांनी आदिवासी सेवा मंडळ काढले. पद गेल्यावरही जंगलातल्या माणसासाठी वेळ देणारा मुख्यमंत्री आज शोधून दाखवावा.

खेर १९४६ मध्ये पुन्हा सत्तेवर आले, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली ठाणे जिल्ह्यातले वारली आदिवासी वेठ नाकारून उभे राहिले होते. जे अहवालात लिहिले होते तेच ते मागत होते. खेरांच्या सरकारने, गृहखाते मोरारजी देसाईंकडे असताना, परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मोहफुलांची साठवण आणि विक्रीही परवान्याखाली आली. भिल्ल, पावरा घरात मोह हे अन्न आहे, बाजारचा पैसा आहे, देवाचा नैवेद्य आहे. तो कायदा लिहिताना त्या घरातल्या कुणाला विचारले होते? खेरांचा हेतू निर्मळ होता यात मला शंका नाही. पण आदिवासीची सेवा करावी इथपर्यंतच त्यांची नजर पोहोचली. तो स्वतः पुढे होऊन हक्क मागेल, हे त्यांच्या सरकारला पेलले नाही.

१९५२ मध्ये कृष्ण मेनन यांच्या जागी खेर लंडनला गेले आणि १९५४ पर्यंत राहिले. त्यांच्यामागून विजयालक्ष्मी पंडित आल्या. पद्मविभूषण पहिल्यांदा दिले गेले ते १९५४ मध्ये, आणि त्या यादीत मेनन आणि खेर दोघेही होते. नंतर ते राजभाषा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९५७ मध्ये गेले. त्यांच्या चरित्रात लंडनला जेवढी जागा मिळते, तेवढी अक्राणीला मिळत नाही, याचे मला वाईट वाटते.

कारण डोंगरातल्या माणसाच्या हक्काचा प्रश्न संपलेला नाही. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती जमीन आणि मजुरीवरूनच. २००६ चा वनहक्क कायदा आला, तरी बोराडी, पळासनेरच्या वरच्या पाड्यांवरच्या माणसाला आपल्याच शेताचा पुरावा घेऊन तालुक्याला खेटे घालावे लागतात. माझी मागणी साधी आहे. सिमिंग्टन यांचा अहवाल मराठीत, जमल्यास भिलीत आणि पावरीतही, शासनाने छापावा. शिरपूर, शहादा, धडगावच्या वाचनालयांत आणि आश्रमशाळांत तो ठेवावा, आणि वनहक्काच्या दाव्यांवर बसणाऱ्या अधिकाऱ्यांना आधी तो वाचायला द्यावा.