तबकातलं संत्रं

मैत्रिणींनो, ज्यू लोकांच्या वल्हांडणाला पहिल्या रात्री जेवणाआधी एक तबक मांडतात. मिसरातल्या गुलामगिरीची आठवण म्हणून त्यात कडू पाला, अंडं, फळांचं गोड वाटण असतं. बिनखमिराची रोटी वेगळी. आपल्या कोकणातले बेने इस्राएलही हा सण करतात. त्यांचा मराठी हगादा १८७४ साली पुण्यात छापला गेला. त्यातल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका या रोट्या करताना दिसतात!

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सुझॅना हेशेल या विदुषीनं या तबकात एक संत्रं ठेवलं. समाज ज्यांना पंगतीबाहेर ठेवतो अशा समलिंगी स्त्री-पुरुषांसाठी, विधवांसाठी. प्रत्येकानं एक फोड खायची आणि बिया थुंकून टाकायच्या. बिया म्हणजे आपल्या मनातला तिरस्कार.

चाल खूप पसरली. पण तोंडोतोंडी गोष्ट पार बदलली. म्हणे कुणी पुरुष म्हणाला, तबकात संत्र्याला जागा नाही तशी व्यासपीठावर बाईला नाही, म्हणून हे संत्रं! असं घडलंच नव्हतं, हे हेशेलबाईंना अनेकदा सांगावं लागलं. बाईची कल्पना पुरुषाच्या नावावर गेली, हे तर आपल्या ओळखीचंच. पण ज्यांच्यासाठी फळ ठेवलं तेच गोष्टीतून गळले, हे मला जास्त लागतं.

वल्हांडणात ज्यू शेजारणीकडे जाणार असाल तर पाव-केक नेऊ नका, खमिराचं त्यांना आठ दिवस चालत नाही. फळं न्या. संत्रं नेलंत तर बियांचं बघून घ्या.