कोळ्याची शेगडी

दिवाळीचा फराळ संपत आला की गिरगावातल्या गॅलऱ्यांतून पहाटेचा पहिला गारवा आत शिरतो. मुंबईकराला एवढे निमित्त पुरते. माळ्यावरचे स्वेटर खाली येतात, कानटोप्यांना ऊन दाखवले जाते, आणि घरात मुके जनावर असेल तर त्याच्याही थंडीची चिंता सुरू होते. यंदा मला लिहायचे आहे ते कोळ्याला शेक देण्याविषयी. हसू नका. तळहाताएवढा केसाळ टॅरंटुला काचेच्या पेटीत पाळणारी मुले आज आपल्या मध्यमवर्गीय घरांतून आहेत. आणि मुंबईत अशा कोळ्याला थंडीपेक्षा मालकाच्या मायेचेच भय अधिक.

मी मराठीचा मास्तर. कोळ्याशी माझा संबंध शब्दापुरता. जाळे टाकून बसणाऱ्या दोघांना एकच नाव देऊन आपली भाषा मोकळी झाली, आणि या शहराचे मूळ मालकच कोळी असल्यामुळे, घरात कोळी आहे म्हटल्यावर खऱ्या मुंबईकराने दचकण्याचे कारण नाही. लालबागला माझ्या थोरल्या बहिणीकडे जी आली ती तर कोळीणच होती. मेक्सिकोची, गुडघ्यांवर नारिंगी पट्टे असलेली. भाच्याचा एक मित्र शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना पेटी, पाण्याची वाटी आणि सरकारी नोंदीचे कागद असा सगळा संसार भाच्याच्या हवाली करून गेला. या कागदांची थट्टा करू नका. मेक्सिकोच्या या जातीचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित आहे, आणि असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंद करावी असा नियम केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला आहे.

जानेवारीत चार दिवस बरा गारठा पडला. भाच्याने कुठूनशी विजेची शेकपट्टी आणून पेटीच्या बुडाखाली सरकवली. वर पिवळा दिवा टांगला. बहिणीच्या सासूबाईंनी आयुष्यात अनेक बाळंतिणींना शेक-शेगडी केलेली. त्यांनी या सर्व व्यवस्थेला पसंती दिली आणि आपली जुनी शाल पेटीवरून पांघरली. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला मी गेलो, तेव्हा कोळीणबाई कोपऱ्यात बसून होत्या. आठही पाय पोटाखाली मुडपलेले, जणू मिटलेली मूठ.

"मामा, थंडीनं आखडलीय ती," भाचा म्हणाला, आणि पट्टीचे बटण आणखी वर सरकवायला निघाला.

मला त्यातले काही कळत नव्हते, पण ज्यांना कळते त्या आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई माहीत होत्या. त्यांना फोन लावला. त्यांनी वर्णन ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, आधी बटण बंद करायला सांगा. तिला थंडी वाजत नाहीये, तहान लागलीय."

मग त्यांनी जे समजावले ते मला एखाद्या उत्तम व्युत्पत्तीइतके आवडले. आपण गुडघा वाकवतो स्नायूंनी आणि सरळ करतो तोही स्नायूंनीच. कोळ्याच्या पायांतल्या मोठ्या सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीत. पाय पसरतो तो अंगातल्या रक्ताच्या दाबाने. चाळीत पहाटे नळाला पाणी आले की मोरीतली लोळागोळा पडलेली रबरी नळी जशी ताठ होते, तसे. अंगातले पाणी आटले की दाब उतरतो आणि पाय आपोआप मुडपतात. तेव्हा मुडपलेले पाय पाहून ऊब वाढवणे म्हणजे कोरड्या नळीखाली चूल पेटवणे.

शाल गेली, दिवा गेला, पट्टी गेली. एका उथळ झाकणात पाणी घेऊन कोळीणबाईंना त्याच्या काठाशी अलगद असे ठेवले की तोंड पाण्याला टेकावे. तोंड पोटाच्या बाजूला असते, हेही तेव्हा कळले. रात्रभर भाचा जागा होता. परीक्षेलाही तो इतका जागल्याचे ऐकिवात नाही. दुसऱ्या दिवशी एक पाय हलला, तिसऱ्या दिवशी कोळीण वाटीपासून दूर जाऊन बसली. या जातीची मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते, तेव्हा भाच्याच्या लग्नातही ती हजर असण्याचा संभव आहे.

पण पट्टी बुडाखाली का नको? माथेरानला जाणाऱ्यांना हे सोपे वाटावे. तिथल्या लाल मातीत आपला देशी टॅरंटुला राहतो. पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये त्याची नोंद केली. बिळाच्या तोंडाला तो रेशीम आणि माती यांचे झाकण करतो. रानात ऊन वरून येते. तापले की कोळी खाली जातो, कारण खाली गारवा आणि ओल असते. लाखो वर्षांची ही शिकवण. पेटीच्या बुडाशीच शेगडी ठेवली तर बिचारा उष्म्यापासून पळता पळता थेट शेगडीवर जाऊन बसतो. वरून आपण समजतो, जागा आवडलेली दिसते!

माथेरानचा असो की झाडाच्या ढोलीत राहणारा सह्याद्रीतला दुसरा कोणी, त्याला घरी आणू नये. ढोलीत राहणाऱ्या त्या साऱ्या कुळाचा व्यापार २०१९ पासून आंतरराष्ट्रीय कराराखाली आहे. त्यांतलाच एक झळझळीत निळा कोळी पोकॉकला मिळाला तो मुंबई-मद्रास लोहमार्गावरच्या गुत्ती स्टेशनाच्या लाकडाच्या वखारीत. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही. दिसला तेव्हा उरले होते ते आंध्रातले एक लहानसे रान.

आता मुंबईत शेगडी हवीच का? बहुतेक टॅरंटुलांना २२ ते २८ अंश सेल्सिअस मानवते. आपल्याकडे जानेवारीतली सरासरी किमान १७ ते १९ अंशांच्या घरात असते, तीही पहाटेची आणि उघड्यावरची. चार भिंतींच्या आत, माणसांनी भरलेल्या खोलीत पारा त्याहून वरच राहतो. सांताक्रूझला ७.४ आणि कुलाब्याला ११.७ हे नीचांक नोंदले गेले तो दिवस २२ जानेवारी १९६२. भायखळ्याला राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये ८ पेंग्विन आले. त्यांच्यासाठी यंत्रे लावून मुंबईच्या हवेशी झुंजावे लागते. मेक्सिकोची कोळीण तशी अवघड पाहुणी नव्हे. पेटी खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीशी ठेवली की तिची थंडी संपली.

निफाडकडे, जिथे पारा ५ अंशांच्या खालीही उतरतो, किंवा लंडनला बिऱ्हाड केलेल्यांना मात्र शेक द्यावा लागेल. शक्य तर खोली किंवा कपाट गरम करावे, पेटी नव्हे. पट्टीच वापरायची तर ती बाहेरून, उभ्या बाजूला, मातीच्या पातळीच्या वर लावावी. पेटीचा तृतीयांश भाग तापला तरी पुरे. उरलेल्या भागात कोळ्याला पळायला गार जागा हवी. पट्टीला थर्मोस्टॅट अवश्य पाहिजे, त्याची तार पट्टी आणि काच यांच्या मध्ये. आत मातीपाशी तापमापक निराळा. रिकामी पेटी एक दिवस तापवून पाहावी, मग कोळी आत. दिवा नको: हा निशाचर प्राणी आहे, आणि दिव्याने हवा सुकते. तापणारे बनावट दगड तर मुळीच नकोत, कोळी त्यावर भाजतो. पट्टीवर शाल, थर्मोकोल, वर्तमानपत्र यांपैकी काही पांघरू नये. कोंडलेली उष्णता आधी पट्टीला आणि मग घराला लागते. लालबागला त्या एका मल्टिप्लगवर मोबाइल, मिक्सर आणि कोळीण अशी तिघे होती. ओल्या भुशाशेजारी असली वायर म्हणजे साऱ्या चाळीचीच शेगडी.

पाण्याची वाटी बाराही महिने हवी. सगळी पेटी चिंब करण्याची गरज नाही. धान्य उबते तशी मातीही उबते. ऊब आणि उबट हे शब्द शेजारी राहतात ते उगीच नव्हे.

आणि खरी काळजी मे महिन्याची. तेव्हा शेगडी कोणाच्या ध्यानीमनी नसते, पेटी पश्चिमेच्या खिडकीत राहून जाते, आणि चारच्या उन्हात बंद काच बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. परळ-दादरच्या वरच्या मजल्यांवर पत्र्याखाली राहणाऱ्यांनी पेटी दुपारी जमिनीवर, फरशीलगत ठेवावी. कामावर निघण्यापूर्वी वाटी भरली का, एवढे घरातल्या कोणीतरी पाहावे. लालबागला ते काम आता सासूबाईंनी आपल्याकडे घेतले आहे.